वाटेत कैरोला उतरावे

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला जाण्यासाठी निघाले. स्वतंत्र भारतातून युरोपकडे जाणारी ही आपली पहिली नियमित विमानसेवा. ते विमान वाटेत कैरोला उतरले, पुढे जिनिव्हाला उतरले आणि मग लंडनला पोहोचले. त्या काळी असे टप्प्याटप्प्याने जाणे विमानांना भागच होते. इंधन भरावे, यंत्रे तपासावीत, उतारूंनी पाय मोकळे करावेत आणि पुन्हा उडावे, असा तो क्रम होता. पुढे जेट विमाने आली. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. आता तर दिल्लीहून लंडनला विमान एका झेपेत पोहोचते.

ही सोय फार मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यापायी प्रवासातून वाट नाहीशी झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले जे कोणी विलायतेला गेले, त्यांच्या तोंडी एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेल्स ही बंदरांची नावे असत. आजच्या उतारूला विचारावे, तर तो दोनच नावे सांगतो: निघालो ते गाव आणि पोहोचलो ते गाव. मधल्या सहा हजार मैलांची आठवण म्हणजे एक अर्धवट झोप आणि दोन वेळचे जेवण!

वाचकहो, ही हरवलेली वाट परत मिळवण्याचा एक मार्ग आज आपल्यापैकी पुष्कळांच्या हाताशी आहे आणि त्याची अनेकांना कल्पनाही नसते. विमान कंपन्यांच्या पॉइंटांवर मिळणारे बक्षिसाचे तिकीट हा तो मार्ग. आपण इंदूरला राहत असा, बडोद्याला, हैदराबादला वा नागपूरला; आपल्या नात्यागोत्यातील कोणी ना कोणी आज परदेशी आहे. साठी उलटलेल्या आई-वडिलांना टोरांटोहून मुलीचा फोन येतो, “तिकिटाची काळजी करू नका, माझ्याकडे पॉइंट साठले आहेत.” आई-वडिलांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला आणि कदाचित एकुलता एक मोठा प्रवास. तो वीस-बावीस तास अवघडून बसण्यात संपवायचा, की वाटेत एखादी जुनी नगरी डोळे भरून पाहत, विसावा घेत करायचा, हे त्या पॉइंटांचा उपयोग कसा होतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून हा विषय समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम या प्रथेचे मूळ पाहू. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या नेहमीच्या उतारूंसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल उतारू त्या कंपनीच्या विमानांतून हिंडेल, तितके मैल त्याच्या नावे जमा व्हावेत आणि पुरेसे साठले की त्याला एक तिकीट बक्षीस मिळावे, अशी ती कल्पना. तिच्यामागचा व्यवहार सरळ होता. विमान उडाले की त्यातील रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. भाजीवाल्याची संध्याकाळची मेथी निदान अर्ध्या भावात जाते. उडालेल्या विमानातील खुर्ची कोणत्याच भावात जात नाही. तेव्हा जी रिकामी राहील असे वाटते, तीच देऊन ग्राहक बांधून ठेवलेला काय वाईट? थोड्याच काळात जगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ही रीत उचलली. मग बँकांनी विमान कंपन्यांकडून पॉइंट विकत घेऊन ते आपल्या कार्डधारकांना वाटण्यास सुरुवात केली. त्यामुळे आज पुष्कळांचे पॉइंट विमानापेक्षा किराणा, वीजबिल आणि मुलांच्या फीमधूनच अधिक साठतात.

दुसरी महत्त्वाची घटना १४ मे १९९७ ची. त्या दिवशी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ नावाचा संघ स्थापन केला. संघातील एका कंपनीकडे साठलेले पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरता यावेत, ही त्यातली उतारूच्या सोयीची गोष्ट. पुढे हा संघ वाढला. इजिप्तची इजिप्तएअर २००८ मध्ये आणि आपली एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी त्यात आली. परिणाम असा, की टोरांटोत राहणाऱ्या मुलीने एअर कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’ योजनेत साठवलेल्या पॉइंटांवर तिचे आई-वडील इंदूरहून मुंबईला एअर इंडियाने, मुंबईहून कैरोला इजिप्तएअरने आणि कैरोहून टोरांटोला पुन्हा इजिप्तएअरने जाऊ शकतात. आणि हे सारे एकाच तिकिटावर.

येथे एक भेद ध्यानी धरावा लागतो. विमान बदलण्यासाठी आपण एखाद्या गावी चोवीस तासांच्या आत थांबलो, तर तो केवळ थांबा. चोवीस तासांच्या वर थांबलो, तर तो मुक्काम. बक्षिसाच्या तिकिटाचे सारे नियम या रेषेभोवती फिरतात. काही योजना वाटेत मुक्काम करूच देत नाहीत. काही योजना परतीच्या तिकिटावर एक मुक्काम देतात. एरोप्लॅन योजनेची मांडणी नोव्हेंबर २०२० मध्ये नव्याने झाली, तेव्हा जाताना एक आणि येताना एक मुक्काम ५,००० जादा पॉइंट देऊन घेता येईल, असे ठरले. हा मुक्काम ४५ दिवसांपर्यंतचा असू शकतो. मात्र तो कॅनडात वा अमेरिकेत घेता येत नाही. एका बाजूच्या प्रवासात जास्तीत जास्त सहा टप्पे चालतात. आपल्या इंदूरकर आई-वडिलांचे इंदूर-मुंबई, मुंबई-कैरो, कैरो-टोरांटो असे तीनच टप्पे होतात, म्हणजे नियमात पुष्कळ जागा शिल्लक राहते.

किती पॉइंट लागतील, हे अंतरावर ठरते. आणि हे अंतर नकाशावरील सरळ रेषेचे नसून प्रत्येक टप्प्याच्या मैलांची बेरीज असते. त्या २०२० च्या तक्त्यात भारत आणि उत्तर अमेरिका यांच्या दरम्यानच्या प्रवासासाठी चार हजार, सहा हजार आणि आठ हजार मैल या सीमारेषा होत्या. आठ हजारांपलीकडे गेले की शेवटचा, म्हणजे सर्वांत महाग वर्ग. याचा परिणाम मोठा गमतीचा होतो. दिल्लीहून फ्रांकफुर्टमार्गे टोरांटो हे अंतर सुमारे ७,७५० मैल भरते; मुंबईहून त्याच वाटेने ते सुमारे ८,०२० मैल होते. केवळ वीसेक मैलांसाठी मुंबईकर वरच्या वर्गात जातो! कैरोमार्गे मात्र दिल्लीकर आणि मुंबईकर दोघेही साडेआठ हजार मैलांच्या आसपास येतात. तेव्हा एकदा शेवटचा वर्ग भरायचाच असेल, तर त्यात काय काय बसते ते पाहावे, हा शहाणपणाचा विचार. अशा तक्त्यांत कंपन्या वरचेवर फेरबदल करतात, म्हणून आरक्षणाच्या दिवशी चालू तक्ता पाहिल्याशिवाय हिशेब पक्का धरू नये.

आता आरक्षणाची रीत. ती अवघड नाही, पण तिला चिकाटी लागते. बक्षिसाच्या खुर्च्या प्रत्येक विमानात मोजक्याच ठेवलेल्या असतात. त्यांतल्या काही सुमारे अकरा महिने आधी खुल्या होतात, तर काही विमान भरत नाही असे दिसले की अगदी शेवटच्या आठवड्यांत. मधल्या काळात शोधणाऱ्याच्या हाती बहुधा निराशा येते. दुसरे असे, की सगळा प्रवास एकदम शोधू नये. ‘इंदूर ते टोरांटो’ असे संगणकाला विचारले, तर तो स्वतःला सोयीची वाट दाखवतो. आपल्याला हवी असलेली दाखवीलच असे नाही. म्हणून वहीचे एक पान घ्यावे आणि त्यावर टप्पे वेगवेगळे लिहावेत. सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्मीळ टप्पा प्रथम शोधावा. आपल्या बाबतीत तो कैरो-टोरांटो. त्या विमानात दोन खुर्च्या कोणकोणत्या तारखांना आहेत, ते टिपावे. मग त्यांच्या चार-पाच दिवस आधीच्या तारखांना मुंबई-कैरो पाहावे. सर्वांत शेवटी इंदूर-मुंबई. तिन्ही टप्पे जुळले, की मगच संकेतस्थळावर अनेक शहरांच्या प्रवासाचा पर्याय निवडून ते एकत्र मांडावेत. तेथे जमले नाही, तर कंपनीच्या दूरध्वनी केंद्रावर त्या पानावरच्या तारखा आणि विमान-क्रमांक वाचून दाखवावेत. समोरच्या माणसाला “कसेही करून कैरो बसवा” म्हणण्यापेक्षा “अमुक तारखेचे अमुक विमान” असे सांगितले, तर काम चटकन होते.

नावांच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष दक्ष असावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रयी असते. पारपत्रावर ती ज्या क्रमाने आणि ज्या अक्षरांत छापली आहे, तशीच तिकिटावर यावी. घरात वापरली जाणारी स्पेलिंगे तेथे उपयोगाची नाहीत. पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने उरलेली असावी. आणि मुक्काम करायचा म्हणजे त्या देशात पाऊल ठेवायचे. त्यासाठी भारतीय नागरिकाला इजिप्तचा व्हिसा लागतो. त्याचे चालू नियम इजिप्तच्या वकिलातीकडून समजून घेतल्यावरच तिकीट पक्के करावे.

बक्षिसाचे तिकीट म्हणजे फुकटचे तिकीट, असा एक गोड समज आहे. तो सोडून द्यावा. विमानतळांचे कर आणि सरकारी शुल्क रोखीने भरावेच लागतात. काही योजनांत त्यांच्यावर कंपनीचा इंधन-अधिभारही चढतो. एरोप्लॅनने २०२० मध्ये तो काढून टाकला, परंतु भागीदार कंपनीच्या विमानासाठी माणशी ३९ कॅनडियन डॉलर आरक्षण-शुल्क ठेवले. तेव्हा प्रत्येक वेळी घरच्या घरी एक साधा हिशेब मांडावा. समजा, एका तिकिटाचे रोख भाडे ७०,००० रुपये आहे. पॉइंटांच्या तिकिटावर कर व शुल्क मिळून १०,००० रुपये द्यावे लागतात. आणि ६०,००० पॉइंट खर्च होतात. वाचले ६०,००० रुपये, म्हणजे एका पॉइंटाला एक रुपया मिळाला. हेच उत्तर पंचवीस-तीस पैसे आले, तर रोखीने तिकीट घेणे बरे. याच हिशेबाने पाहिले, तर ५,००० पॉइंटांचा कैरोचा मुक्काम माणशी पाच हजार रुपयांना पडतो. एरवी रोखीच्या तिकिटावर वाटेत चार दिवस थांबायचे म्हटले, की पुष्कळदा भाडे कितीतरी अधिक वाढते. माझ्या मते पॉइंटांचे खरे मोल याच जागी आहे. पैसे वाचवण्याची साधने आणखीही असतात. वाटेत थांबण्याची मुभा इतक्या स्वस्तात देणारे साधन विरळा.

मग थांबण्यासाठी कैरोच का? एक तर आपल्या देशाच्या पश्चिमेकडील वाटेवर कैरो हे फार पुराणे ठाणे आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी युरोपातून येणारे उतारू अलेक्झांड्रियाला जहाजातून उतरत, कैरोवरून सुएझला येत आणि तेथे मुंबईचे जहाज पकडत. पुढे विमानांनीही तीच वाट धरली. योगायोग असा, की इजिप्तची विमान कंपनी १९३२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचे विमान आणले. दुसरे कारण शरीराचे. मुंबई आणि टोरांटो यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. त्यातले साडेतीन तास कैरोतच उरकतात. मुंबई-कैरो सुमारे सहा तास, मग चार दिवसांची विश्रांती, आणि त्यानंतर बारा तासांचा मोठा टप्पा. ही विभागणी गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार मानवते.

कैरोच्या विमानतळाबाहेर पडल्यावर आपली पहिली भेट होते ती आकड्यांशी. मोटारींच्या पाट्यांवर अरबी आकडे असतात आणि अरबीत त्यांना ‘हिंदी आकडे’ असेच म्हणतात. आपल्या एक, दोन, तीनशी त्यांचे घराण्याचे साम्य नजरेत भरते. मग हळूहळू कानही जागे होतात. दुकानाला तेथे ‘दुकान’ म्हणतात, साबणाला ‘साबून’. शहराच्या मध्यावरच्या तहरीर चौकाचे नाव ‘मैदान’ या शब्दासह घेतले जाते. आपली ‘तारीख’ तिकडे इतिहासालाही तोच शब्द पुरवते. उपाहारगृहात जेवण झाल्यावर बिल मागायचे, तर ‘हिसाब’ म्हणावे. वाढपी लगेच ओळखतो. आणि सामान उचलणाऱ्याने पुढे केलेला हात ‘बक्षीश’ मागत असतो. आपण ज्या बक्षिसाच्या तिकिटावर येथवर आलो, तोच हा शब्द! फारसीतून तो आपल्याकडे आला आणि त्यांच्याकडेही गेला. सुटे पैसे खिशात ठेवावेत, म्हणजे या शब्दाचा जाच होत नाही.

पहिल्या दिवशी फारसे काही करू नये. संध्याकाळी नाईलच्या काठी जावे. ‘फेलुका’ नावाची शिडाची होडी भाड्याने मिळते. भाडे आधी ठरवून घ्यावे. ज्यांनी नर्मदेच्या वा गोदावरीच्या काठी बालपण काढले आहे, त्यांना नदीचे मोठेपण सांगावे लागत नाही. पण या नदीची गोष्ट निराळी आहे. दोन्ही अंगांना वाळवंट आणि मध्ये हिरव्या शेतांची एक पट्टी, एवढाच हा देश. ही नदी नसती, तर तो देशच नसता.

दुसरा दिवस गिझाचा. कैरोच्या पश्चिम अंगाला, जेथे वस्ती संपून वाळू सुरू होते, तेथे खुफू, खाफ्रे आणि मेनकौरे या तीन राजांचे पिरॅमिड उभे आहेत. खुफूचा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. वरचे दगड गेल्याने आज ती सुमारे १३८ मीटर उरली आहे. त्यात तेवीस लाखांच्या आसपास दगड असावेत, असा अंदाज सांगितला जातो. चित्रांतून आपण तो शंभरदा पाहिलेला असतो. मात्र पायथ्याशी उभे राहून एकेक दगड आपल्या छातीला लागतो हे पाहिल्यावर, तेथे वर मान करून बघताना बोलणे आपोआप थांबते. सकाळी लवकर जावे. उन्हाचा त्रास कमी होतो आणि गर्दीही. सोबत टोपी, पाणी आणि मऊ तळव्यांची पादत्राणे असावीत.

तेथून जवळच महान इजिप्शियन संग्रहालय आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. आत शिरताच दुसऱ्या रामसेस राजाचा अकरा मीटरांहून उंच पुतळा स्वागताला उभा दिसतो. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतानखामुन या तरुण राजाची कबर सापडली. तिच्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू प्रथमच येथे एकत्र मांडल्या आहेत. सोन्याच्या मुखवट्याभोवती गर्दी असतेच. परंतु वडीलधाऱ्यांनी जरा बाजूच्या कपाटांकडेही वळावे. तेथे राजाच्या चपला आहेत, त्याची आसने आहेत, खेळाचा पट आहे. मेल्यावरच्या प्रवासात आपल्या माणसाला काही कमी पडू नये, म्हणून बांधून दिलेली ती शिदोरीच. परगावी निघालेल्या मुलाच्या पिशवीत लोणच्याची बरणी आणि भाजणीचे पीठ कोंबणाऱ्या आईला तिचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी जुन्या शहरात हिंडावे. कैरो नगरी फातिमी राज्यकर्त्यांनी ९६९ मध्ये वसवली आणि लगोलग तेथे अल-अझर ही मशीद उभी राहिली. तिच्याशी जोडलेले विद्यापीठ हे जगातील अतिप्राचीन विद्यापीठांत गणले जाते. जवळच खान-अल-खलिली हा सहाशे वर्षांहून जुना बाजार आहे. तांब्यापितळेची भांडी, अत्तरे, दिवे, मसाले. आणि घासाघीस करण्याची पूर्ण मुभा. आपल्याकडच्या बाजारांत वाढलेल्या गृहिणीला येथे मुळीच परके वाटत नाही. चौथ्या दिवशी, रात्रीच्या विमानाआधी, फुस्तात भागातील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालय पाहता येईल. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजा-राण्यांच्या ममी मोठ्या मिरवणुकीने येथे आणण्यात आल्या. शहरात फिरण्यासाठी भुयारी रेल्वे आहे. ती १९८७ मध्ये सुरू झाली आणि आफ्रिका खंडातील पहिलीच.

शाकाहारी वाचकांना जेवणाची चिंता वाटत असेल, तर ती सोडावी. भात, मसूर, छोले, मॅकरोनी आणि वर खमंग तळलेला कांदा, त्यावर टोमॅटोचे आंबट-तिखट कालवण. या पदार्थाला ‘कोशरी’ म्हणतात. त्याचे नाते आपल्या खिचडीशी जोडले जाते. खाल्ल्यावर ते नाते मानावेसे वाटते. मोठ्या शेंगांच्या डाळीचे ‘तामिया’ नावाचे वडे न्याहारीला मिळतात. आणि ‘करकदे’ नावाचे लालभडक सरबत पाहून बिचकू नये. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला त्याची चव लागताच हसू येईल. पाणी मात्र बाटलीबंदच प्यावे.

चार दिवसांनी कैरोहून निघालेले विमान भूमध्य समुद्र, युरोप आणि अटलांटिक ओलांडून टोरांटोला उतरते. आई-वडील थकलेले असतात, पण कोमेजलेले नसतात. मुलीला सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काहीतरी असते. परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी आई-वडील बहुधा पाहुणे म्हणून जातात आणि मुले त्यांना सारे काही दाखवतात. यावेळी दाखवण्यासारखे काही त्यांनीच सोबत आणलेले असते. हा लहानसा फरक दोन्ही पिढ्यांना सुखावणारा आहे. परतीच्या वाटेवरही एक मुक्काम हाती आहेच. टोरांटोहून माँट्रियल, तेथून एअर कॅनडाने जिनिव्हा, मुक्कामानंतर झुरिच आणि झुरिचहून मुंबई, असे चार टप्पे जुळले, तर ‘मलबार प्रिन्सेस’ची दोन्ही ठाणी आपल्या तिकिटावर येतात. त्यासाठी स्वित्झर्लंडला लागणारा शेंगेन व्हिसा आधी काढावा.

शेवटी दोन-तीन गोष्टी सावधगिरीच्या. पॉइंट म्हणजे ठेव नव्हे. तिच्यावर व्याज मिळत नाही. उलट कंपनी तक्ता बदलते, तेव्हा घरबसल्या त्यांची किंमत घटते. एरोप्लॅनमध्ये अठरा महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर साठलेले पॉइंट बाद होतात. इतर योजनांच्या मुदती निरनिराळ्या आहेत. कंपन्याही कायम नसतात. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. म्हणून पॉइंट कणगीतल्या धान्यासारखे मानावेत: वेळेवर काढून शिजवावेत, किडे पडेपर्यंत राखू नयेत. त्याचबरोबर, पॉइंट मिळतात म्हणून नको ती खरेदी करणे आणि कार्डाची थकबाकी व्याजाने फेडणे, हा तर उघड तोट्याचा सौदा. संसारात जो खर्च होणारच होता, त्यावर जे जमेल तेवढेच आपले.

आणखी एक. शक्य तोवर सारे टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पैसे वाचतात म्हणून इंदूर-मुंबईचे तिकीट वेगळे काढले आणि ते विमान उशिरा पोहोचले, तर कैरोचे विमान गेल्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. एकाच तिकिटावर असाल, तर पुढच्या विमानात बसवून देणे हे कंपनीचे काम ठरते. वयस्क उतारूंनी आरक्षणाच्या वेळीच चाकांच्या खुर्चीची आणि शाकाहारी जेवणाची मागणी नोंदवावी. विमानतळावर ऐनवेळी सांगून ती सोय होईलच असे नाही. औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत.

इतके केले की तिकिटाच्या कागदावर तीन गावांची नावे येतात आणि मधले नाव कैरोचे असते. लेकीला, नातवंडांना भेटण्याची ओढ मोठी असते, हे खरे. पण ओढ असली तरी चार दिवसांनी ती काही आटत नाही. आणि आयुष्यातील लांबच्या प्रवासाला वाटही असावी, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे. वाचकहो, आपला प्रवास सुखाचा होवो.